एक वाफा, एक वही

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याचीही यादी होती. लिहिणं, वाचणं, हिशेब यांच्या जोडीला त्यांनी शेतीची प्राथमिक माहिती घातली आणि पुढे आणखी एक सूचना केली: शेतीचे धडे देताना मुलांना प्रत्यक्ष काम करता येईल अशी छोटी नमुना शेती शाळेला जोडलेली असावी. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताच्या कामातून भाषा, गणित आणि विज्ञान शिकवण्याच्या त्या रीतीला आपल्याकडे समवाय पद्धती म्हणतात.

आज महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत परसबाग आहे. केंद्र सरकारने २०१९ साली शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि आपल्याकडे परसबागांच्या स्पर्धाही होतात. त्यामुळे बाग शाळेत आली हे खरं. पण अनेक ठिकाणी ती एक तर पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरते, नाही तर खिचडीत चार भेंड्या पडण्यापुरती. मुलं पाणी घालतात, तण काढतात, घंटा झाली की वर्गात येतात आणि वनस्पतीचे अवयव पुस्तकातल्या चित्रावरून पाठ करतात. बाग आणि वर्ग यांची गाठच पडत नाही.

ती गाठ घालायला फार मोठी सामग्री लागत नाही. मुलाने आधी अंदाज बांधायचा, मग मोजायचं आणि दिसलं ते लिहायचं, या तीन गोष्टी बागेत रोज घडल्या की बाग शिकवू लागते. म्हणून प्रत्येक गटाला एक वाफा आणि प्रत्येक मुलाला एक वही द्यावी. दोन शिक्षकांची, चाळीस पटाची, पहिली ते चौथीची एखादी शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे काम वर्षभर कसं चालतं ते पाहू.

जून: जागा, माप आणि माती

शाळा उघडते जूनच्या मध्याला, विदर्भात उन्हामुळे जूनअखेर. पहिला आठवडा जागा शोधण्यात जाऊ द्यावा, आणि ती मुलांनीच शोधावी. भाजीपाल्याला दिवसाचं किमान सहा तास ऊन लागतं. अंगणात एक काठी रोवायची आणि सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता तिची सावली खडूने आखायची. शाळेच्या इमारतीची आणि झाडांची सावलीही तशीच आखायची. दिवस संपेपर्यंत कुठे ऊन टिकतं याचा नकाशा जमिनीवर तयार होतो आणि दिशा, वेळ, सावलीची लांबी या तिन्ही गोष्टी एका दिवसात हाताळून होतात. आभाळ भरून आलं असेल तर उघडिपीची वाट पाहावी.

मग वाफ्याचं माप. वाफा एवढाच रुंद हवा की त्यात पाय न देता दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचेल, कारण पाय पडला की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. हे माप शिक्षकांनी सांगू नये. पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलाला उकिडवं बसवावं, त्याचा हात कुठवर जातो ते मोजावं आणि त्याची दुप्पट करावी. साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर येतं. लांबी जागेप्रमाणे तीन मीटर ठेवावी. दोन वाफ्यांमध्ये एक मूल पाण्याची झारी घेऊन चालेल एवढी वाट सोडावी. पहिल्या वर्षी चार वाफे पुष्कळ झाले. तिसरी-चौथीच्या मुलांनी प्रत्येक वाफ्याचं क्षेत्रफळ आणि परिमिती काढून पाटी लावावी. क्षेत्रफळावरून बियाणं किती लागेल ते कळतं आणि परिमितीवरून कडेला विटा किती लागतील ते. दोन्हींतला फरक इथे नुसत्या सूत्राचा राहत नाही.

मातीची ओळख काचेच्या बरणीतून करून द्यावी. बरणी एक तृतीयांश मातीने आणि उरलेली पाण्याने भरायची, झाकण लावून जोरात हलवायची आणि खिडकीत ठेवायची. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. थरांची जाडी पट्टीने मोजता येते. शाळेच्या अंगणातली, नदीकाठची आणि कुणाच्या तरी शेतातली अशा तीन बरण्या शेजारी ठेवल्या की काळ्या रानात पाणी का साचतं आणि मुरमाड जमीन लगेच का सुकते, हे मुलंच सांगू लागतात. जमीन हलकी असो की भारी, शेणखत आणि कुजलेला पालापाचोळा दोन्हींना लागतोच.

पेरणीआधी वापसा बघायला शिकवावं. मूठभर माती घेऊन दाबायची. गोळाच झाला नाही तर ओल कमी. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वापसा आला. न फुटता थापट्यासारखा पडला, तर अजून थांबायचं. शेतकरी घरातल्या मुलांना हे ठाऊक असतं, पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट शाळेत ज्ञान म्हणून मोजली जाते, हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळतं. या बागेचा तो फार मोठा लाभ आहे.

बियाणं: उगवण तपासून मगच पेरणी

बियाणं मातीत टाकण्याआधी वर्गात त्याची परीक्षा घ्यावी. ओल्या सुती फडक्यावर मेथीचे वीस दाणे ओळीने मांडायचे, फडकं गुंडाळायचं, सुकू द्यायचं नाही. प्रत्येक मुलाने आधी वहीत अंदाज लिहायचा: वीसपैकी किती उगवतील? तीन-चार दिवसांनी फडकं उघडून मोजायचं. पहिली-दुसरीची मुलं ‘२० पैकी १७’ एवढंच लिहितील. चौथीची मुलं १०० दाण्यांमागे किती होतील ते काढतील, आणि शेकडेवारीची पहिली पायरी तिथे पडेल. उगवण कमी दिसली तर बी दाट पेरायचं, हा निर्णयही त्यांनीच घ्यावा.

पहिलं पीक लवकर हाती येणारं असावं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांची वाट फार लांब वाटते. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढता येते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. पालकाचं बी रात्रभर भिजत घालून पेरलं तर आठवडाभरात उगवतं आणि पालक कापून घेतला तरी पुन्हा फुटतो. कोथिंबिरीचे धने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावे लागतात, कारण प्रत्येक धन्यात दोन बिया असतात. मुलांना ते रगडू द्यावेत आणि दुसऱ्या कोपऱ्यात काही धने तसेच अख्खे पेरायला सांगावेत. कोणते आधी आणि जास्त उगवले ते पंधरा दिवसांत समजतं. प्रयोग करताना एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा विज्ञानाचा पाया दुसरीतल्या मुलालाही इथे समजतो.

पण पावसाळ्यात पालेभाज्या सडतात. म्हणून जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी आणि मांडवावर दोडका, कारलं, भोपळा घ्यावा, तर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांना ऑक्टोबरनंतरचा थंड काळ द्यावा. जूनमध्ये मेथी लावायचीच असेल तर उंच वाफ्यावर थोडीशी, प्रयोगापुरती. पेरताना अंतर हे गणिताचं काम आहे. तीन मीटरच्या ओळीत भेंडीचं झाड तीस सेंटिमीटरवर लावायचं तर टोकांसह किती झाडं बसतील? बरीच मुलं दहा म्हणतात. दोरी ताणून खड्डे मोजले की अकरा निघतात. टोकाचं झाड का वाढलं, याचा वाद वाफ्यावरच होऊ द्यावा.

दुकानातल्या काही बियाण्यांना औषध चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून त्यांना गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. असं बी मुलांच्या हाती देऊ नये. शक्य तिथे गावातलंच बी मागावं. बी जपणं ही परंपरेने बायकांनी सांभाळलेली विद्या आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्या कामासाठी त्यांना २०२० सालचा पद्मश्री पुरस्कार मिळाला. त्यांची गोष्ट सांगून मुलांना घरी पाठवावं आणि आजीकडून एक मूठ वालाचं किंवा चवळीचं बी आणायला सांगावं. बी कुणाचं, किती वर्षांपासून घरात आहे आणि कशात ठेवलं होतं, याची चार वाक्यं वहीत आली की भाषेचा तास झाला.

वही: बागेचा खरा कणा

बागेची वही वेगळी असावी आणि ती नीटनेटकी असण्याचा आग्रह धरू नये. मातीचे डाग पडले तरी चालतील. पहिलीतलं मूल तारीख आणि चित्र काढेल. दुसरीतलं एक-दोन वाक्यं लिहील. तिसरी-चौथीच्या पानावर चार गोष्टी हव्यात: आज काय दिसलं, काय मोजलं, उद्या काय होईल असं वाटतं, आणि एक प्रश्न. ‘भेंडीला आज पाच पानं. उंची १४ सें.मी. मागच्या सोमवारी ९ होती. पुढच्या सोमवारी २० होईल. खालची दोन पानं गोल आहेत आणि वरची कातरलेली का?’ असं एखादं पान आलं तर मूल बघायला शिकलं म्हणून समजावं. शिक्षकांनी त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नये. फळ्याचा एक कोपरा ‘आमचे प्रश्न’ म्हणून राखावा. काहींची उत्तरं पुस्तकात सापडतील, काहींची गावातल्या माणसांकडे, आणि काहींसाठी पुन्हा वाफ्यावर जावं लागेल.

ज्यांना अजून सेंटिमीटर कळत नाहीत, त्यांच्यासाठी सुतळी आहे. दर सोमवारी भोपळ्याच्या वेलाशेजारी सुतळी धरायची, वेलाएवढी कापायची आणि भिंतीवरच्या कागदावर तारखेसमोर उभी चिकटवायची. पाच-सहा आठवड्यांत सुतळ्यांची चढती रांग दिसते. तो स्तंभालेखच असतो, पण मुलांच्या लेखी तो त्यांचा वेल असतो. कोणत्या आठवड्यात वेल सर्वांत जास्त वाढला, हे पहिलीतलं मूल बोट ठेवून सांगतं. त्या आठवड्यात पाऊस किती झाला याची नोंद शेजारी असेल, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. पाऊस मोजायला सरळ बाजूंचं, सपाट तळाचं डबडं आणि पट्टी पुरते.

फुलं, किडी आणि फुलपाखरं

भोपळ्याला फुलं आली की पहिले काही दिवस ती नुसतीच गळतात आणि मुलं हिरमुसतात. हाच धडा घ्यायचा क्षण. आधी बहुधा नर फुलं येतात. मादी फूल ओळखणं सोपं असतं, कारण त्याच्या पाकळ्यांखाली देठाशी इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. त्यामुळे शाळा भरताच बागेत जावं. एक नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्यातली पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावी आणि त्या फुलाला रंगीत दोरा बांधावा. आठवड्याभरात दोरा बांधलेला भोपळा फुगू लागतो. ज्या मादी फुलापर्यंत ना माणूस पोचला ना मधमाशी, त्याचा भोपळा पिवळा पडून गळतो. परागीभवन हा शब्द यानंतर सांगावा, आधी नाही.

किडीकडेही असंच पाहावं. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की लगेच फवारणी करू नये. भिंग असेल तर द्यावं. त्याच शेंड्यावर बऱ्याचदा ठिपकेवाला लाल भुंगेरा आणि त्याच्या काळपट अळ्या मावा खाताना सापडतात. मुंग्या कशासाठी फिरतात, तेही दिसतं. आठ दिवस एकाच शेंड्यावरचा मावा आणि भुंगेरे मोजून वहीत लिहिले की अन्नसाखळी समोर उभी राहते. मावा हाताबाहेर गेलाच तर शेंडा खुडून टाकावा, पाण्याचा फवारा मारावा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळायची, हे प्रमाण चौथीच्या गणिताला चांगलं उपयोगी पडतं. अर्क करणं आणि फवारणं हे काम मात्र मोठ्यांनीच करावं. रासायनिक कीटकनाशक आणि तणनाशक शाळेच्या आवारात आणूच नये.

बागेच्या कडेला लिंबू आणि कढीपत्ता जरूर लावावा. त्यांच्या कोवळ्या पानांवर लिंबाचं फुलपाखरू एकेक फिकट पिवळं अंडं घालतं. त्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून शत्रूच्या नजरेत भरत नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगांची जोडी बाहेर काढून उग्र वास सोडते. ती बरणीत ठेवून तोंडाला पातळ फडकं बांधावं आणि रोज ताजी पानं द्यावीत. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास महिन्याभरात वर्गाच्या खिडकीत घडतो. फुलपाखराचे पंख वाळले की मुलांनी ते बागेत सोडायचं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ‘ब्ल्यू मॉरमॉन’ हेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, हे त्या वेळी सांगावं.

खुरपणीच्या दिवशी गावातल्या एखाद्या आजीला बोलवावं. मुलं ज्याला तण म्हणून उपटतात त्यातलं काय खायचं ते ती दाखवते. घोळ, तांदुळजा, टाकळा, कुर्डू न पेरता उगवतात आणि भाजी म्हणून चालतात. नियम एकच: जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय कुठलंच पान तोंडात घालायचं नाही.

ताटापर्यंतचा हिशेब

प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत, म्हणजे पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा असते. ५० ग्रॅम मेथी म्हणजे किती, हे तराजूत निवडलेली पानं घालून मुलांना दाखवावं. पारड्यात बराच ढीग होतो, आणि शिजल्यावर तो केवढासा उरतो तेही बघू द्यावं. चाळीस मुलांना रोज दोन किलो भाजी लागते. आपल्या वाफ्यातून आज ८०० ग्रॅम भेंडी निघाली, तर किती मुलांची सोय झाली? सोळा. उरलेल्यांची भाजी कुठून येते, तिला पैसे किती पडतात? हिशेब केला की चार वाफे सगळ्या शाळेला रोज पुरे पडणार नाहीत हे मुलांना स्वच्छ कळतं, आणि शेतकऱ्याच्या एका जुडीमागे किती दिवस असतात तेही.

काढणीच्या दिवशी स्वयंपाकी-मदतनीस ताईंना वाफ्यावर बोलवून भाजी मुलांच्या हातून त्यांच्याकडे सुपूर्द करावी. त्या दिवशी वरणात काय पडलं, पालेभाजीवर लिंबू का पिळायचं, हे त्यांनीच सांगावं. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतलं लोह शरीराला अधिक मिळतं. निवडलेल्या भाजीचे देठ आणि साली कंपोस्टच्या खड्ड्यात जातात, त्यांचं खत पुढच्या हंगामात वाफ्यावर येतं आणि चक्र पूर्ण होतं.

पाणी, सुट्ट्या आणि माणसं

जेवणाआधी हात धुताना चाळीस मुलं किती पाणी वापरतात, हे नळाखाली बादली ठेवून मोजावं. ते पाणी चरातून केळी आणि अळूला द्यावं. पालेभाज्यांना साबणाचं पाणी नको. वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घातलं की पाणी कमी लागतं. अर्धा वाफा झाकून अर्धा उघडा ठेवला तर मुलांना ते बोट मातीत खुपसून पटतं.

दिवाळीच्या सुट्टीत बाग सुकते, ही नेहमीची अडचण. पावसाळी पीक सुट्टीआधी संपेल आणि मेथी-पालकाची पेरणी शाळा पुन्हा भरल्यावर होईल, असा बेत जूनमध्येच मुलांना दिनदर्शिकेवर उलटं मोजून आखू द्यावा. भेंडीची तोडणी पेरणीनंतर पन्नासेक दिवसांनी सुरू होते आणि एक दिवसाआड करावी लागते. ती ऐन सुट्टीत आली तर भेंड्या जून होऊन वाया जातील. मे महिन्यासाठी वाफे मोकळे ठेवावेत. शेवगा, कढीपत्ता, लिंबू तेवढे तग धरतात, आणि त्यांना आठवड्यातून दोनदा पाणी घालायला जवळ राहणारं एखादं कुटुंब तयार होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कुंपण, खत, पाणी हे विषय त्यांच्यापुढे सुरुवातीलाच ठेवावेत. शेळ्या आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्या आणि जुन्या साड्यांचं कुंपणही चालतं.

मुलांना खुरपं द्यावं; कुदळ आणि कोयता मोठ्यांकडे राहू द्यावा. पावसाळ्यात दगड आणि गवताचे ढीग हलवण्याआधी मोठ्यांनी काठीने तपासावं, कारण त्याखाली विंचू आणि साप असू शकतात. बागेतून आल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं.

आणखी एक गोष्ट नीट सांभाळायची. बागेतलं काम कधीही शिक्षा म्हणून देऊ नये. उशिरा आलेल्या मुलाला तण काढायला बसवलं की त्या दिवसापासून बाग त्याच्यासाठी संपते. शेण कालवणं, झाडणं, पाणी वाहणं ही कामं ठरावीक मुलींकडे किंवा ठरावीक घरांतल्या मुलांकडे जात नाहीत ना, हे शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावं. कामांची पाळी भिंतीवर लावावी आणि ती सगळ्यांना सारखी फिरावी. फुल्यांनी शाळेला शेती जोडायला सांगितली, तिच्यामुळे श्रमाचा मान वाढायला हवा. कामाची जुनी वाटणी शाळेतच पुन्हा उभी राहिली तर त्यांची सूचना आपल्याला समजलीच नाही असं होईल.

शहरातल्या शाळेत जमीन नसेल तर तेलाचे स्वच्छ डबे, क्रेट आणि गच्चीचा उन्हाचा कोपरा पुरे. तळाला भोकं पाडावीत, माती आणि कुजलेलं खत समप्रमाणात भरावं. मेथी, पालक आणि एक कढीपत्ता एवढ्यावरही वही भरते.

काम झालं हे कशावरून ओळखायचं?

वाफा जळाला, उगवण झाली नाही, माकडांनी भोपळे नेले, असं होणारच. वहीत त्याचं कारण शोधलेलं असेल तर ते पीक वाया गेलं नाही. उलट हिरवीगार बाग आहे आणि वह्या कोऱ्या आहेत, तर शाळेने भाजी पिकवली, शिकवलं काहीच नाही. मार्चमध्ये मुलांनी चवळीच्या वाळलेल्या शेंगा फोडून बी राखेत घोळवून डब्यात भरावं. त्यावर तारीख, गटाचं नाव आणि पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी एक सूचना लिहावी: कुठे ऊन कमी पडतं, कशाला मावा येतो, किती अंतर सोडायचं. चौथीची मुलं शाळा सोडून जातात, पण त्यांनी बघून, मोजून मिळवलेलं त्या डब्यावर आणि वह्यांत राहतं. पुढच्या जूनमध्ये दुसरीतलं मूल ती सूचना वाचून आपला अंदाज लिहील आणि पहिल्या वर्षापेक्षा एक पाऊल पुढून सुरुवात करेल. म्हणून शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: येत्या जूनमध्ये जागा कितीही लहान असो, अनुदान येवो न येवो, एक वाफा पाडा, वीस दाणे ओल्या फडक्यात मांडा आणि मुलांना विचारा, ‘यातले किती उगवतील?’ पुढचं वर्षभराचं शिकणं त्या एका प्रश्नापासून सुरू होतं.